सेतुमाधवरावांनी ऑइल बदललं

"ज्याला वाचता येतं त्याला मेकॅनिक कशाला लागतो?" रविवारी सकाळी कॉफीचा टंबलर खाली ठेवत सेतुमाधवरावांनी जाहीर केलं.

कनकाबाईंनी तो टंबलर आधी उचलून ठेवला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. नवऱ्याने असं काही जाहीर केलं की घरातली मोडण्याजोगी वस्तू आधी उचलून ठेवायची, एवढं त्यांना कळत होतं. पण या खेपेची वस्तू उचलण्यासारखी नव्हती. ती खाली अंगणात उभी होती. काळी, चकचकीत, चार महिन्यांची मोटरसायकल! साल सत्त्याऐंशी. नंबर लावून दोन वर्षं वाट पाहिल्यावर टी. नगरच्या त्यांच्या गल्लीत पहिल्यांदाच अशी गाडी आली होती.

"अहो, पण वॉरंटी? फ्री सर्व्हिसचं कूपन आहे ना अजून एक?"

"कूपन!" सेतुमाधवराव एवढ्या जोरात म्हणाले की समोरच्या नारळावरचा कावळा उडाला. "मागच्या कूपनाला काय झालं, विसरलीस?"

ते कसं विसरणार? पहिल्या फ्री सर्व्हिसहून गाडी परत आली ती सतरा किलोमीटर जास्त धावून. आणि मागच्या सीटच्या पट्ट्यात अडकलेला मल्लिगैचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा घेऊन! तिथल्या कुणी मेकॅनिकने गाडीची 'ट्रायल' कुणाला तरी मागे बसवून घेतली होती. पण गजरा सापडला कनकाबाईंना. पुढचे दोन दिवस घरात फक्त ताटवाट्या बोलत होत्या. शेवटी सेतुमाधवरावांनी कुलदेवतेची शपथ घेतली तेव्हा कुठे आमटीत मीठ परत आलं.

"आता या गाडीला हात लागेल तो माझाच!"

"पण तुम्हीच तर ऑफिसात लोकांना..."

"लोक मूर्ख असतात, कनका. लोक पुस्तक वाचत नाहीत."

हे ते अधिकाराने बोलत होते. नुंगंबाक्कमला पंखे आणि मिक्सी बनवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात ते अकरा वर्षं तक्रारींच्या टेबलावर होते. जळलेली मिक्सी यायची, सोबत पत्र यायचं, "मी काहीही केले नाही, आपोआप बंद पडली." सेतुमाधवराव भिंग लावून स्क्रू बघायचे. स्क्रूच्या डोक्यावर एक ओरखडा दिसला की संपलं! "ग्राहकाने स्वतः उघडल्यामुळे वॉरंटी रद्द." खाली त्यांची सुबक सही.

आता गाडीबरोबर आलेलं पुस्तक त्यांनी पायरीवर उघडं ठेवलं. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'हे काम अधिकृत विक्रेत्याकडूनच करून घ्यावे.' सेतुमाधवरावांनी ते वाचून पसंतीची मान हलवली. मूर्खांसाठी अशी सूचना हवीच!

सुरुवात तर झकास झाली. इंजिनाखालचा बोल्ट सोडला, जुनं काळं ऑइल बादलीत उतरलं, एक थेंब बाहेर गेला नाही. त्यांनी कनकाबाईंना मुद्दाम खाली बोलावून बादली दाखवली. मग बोल्ट परत बसवला. तो किती घट्ट करायचा याचा पुस्तकात एक आकडा होता, आणि तो मोजायला एक खास पाना लागतो असंही लिहिलं होतं. असा पाना त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी त्या आकड्याचा आपल्यापुरता अर्थ लावला, 'भरपूर'. साध्या पान्याच्या दांड्यावर हातभर लोखंडी पाइप चढवला आणि जोर लावला.

अजून थोडा. अजून जरासा.

कट्!

बोल्ट एकदम हलका झाला. इतका सहज फिरू लागला की सेतुमाधवरावांना क्षणभर आनंदच वाटला. फिरतोय, फिरतोय, फिरतच राहिलाय! मग त्यांच्या कपाळावर घाम फुटला. आतले आटे गेले होते. बोल्टाचे नव्हे, बोल्ट एक वेळ बाजारात मिळाला असता. इंजिनाचे!

ते तसेच उकिडवे बसून राहिले. तोंड उघडं, पाना हातात. अकरा वर्षांत त्यांनी हजारो लोकांना मूर्ख म्हटलं होतं. ते हजारो लोक अंगणात रांग लावून आपल्याकडे बघताहेत असं त्यांना वाटलं.

"झालं का हो?" वरून आवाज आला. "अण्णाची आगगाडी साडेदहाला येते. आपण रिक्षानेच जाऊ या का एग्मोर स्टेशनला?"

कनकाबाईंचे थोरले भाऊ पद्मनाभ तंजावरहून येणार होते. त्यांना सामानासकट रिक्षात बसवायचं आणि आपण पुढे नव्या गाडीवरून मिरवत घरी आणायचं, असा बेत सेतुमाधवरावांनी आठवडाभर आधीच ठरवला होता. आता रिक्षा म्हणजे कबुली!

"रिक्षा कशाला? गाडी तयार आहे!" तोंड बोलून गेलं.

तेवढ्यात त्यांना आठवलं, ऑफिसातल्या शिपायाच्या स्कूटरची पेट्रोलची टाकी गळत होती तेव्हा त्याने भोकाला साबण लावला होता. ते धावत न्हाणीघरात गेले. हाताला लागला तो कनकाबाईंचा चंदनाचा साबण. तो किसून, सुतळीत मळून त्यांनी बोल्टाभोवती गच्च गुंडाळला, बोल्ट भोकात दाबून बसवला आणि वरून नवं ऑइल ओतलं. दहा मिनिटं टक लावून पाहिलं. एक थेंब नाही! त्यांचा जीव भांड्यात पडला.

आंबा रंगाचं कांजीवरम नेसून कनकाबाई मागे बसल्या आणि स्वारी निघाली.

पण स्कूटरची टाकी तापत नाही आणि इंजिन तापतं, हा फरक त्यांच्या ध्यानात आला नव्हता. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला, साबण वितळला.

"अहो, चंदनाचा वास कुठून येतोय?"

"देवळावरून जातोय आपण."

"देऊळ कुठाय इथे?"

नुंगंबाक्कम मागे पडतंय तोच इंजिन कण्हल्यासारखं ओरडलं, मागचं चाक जागच्या जागी अडकलं, आणि गाडी फरफटत जाऊन रस्त्याच्या कडेला शहाळ्यांच्या ढिगाला टेकली. कुणी पडलं नाही. शहाळी मात्र चारी दिशांना गेली.

"लागलं का कुठे?" म्हणत सेतुमाधवरावांनी मागे वळून पाहिलं. बोल्ट केव्हाच पडला होता. सगळं ऑइल मागच्या चाकाने रस्त्याची धूळ-काजळी मिसळून कनकाबाईंवर शिंपलं होतं. आंबा रंगाचं कांजीवरम कमरेपासून खाली काळंभोर! गालावरही दोन थेंब. आणि सगळ्याला चंदनाचा घमघमाट!

शहाळेवाली पदर खोचून पुढे आली. वाहतुकीचा हवालदार शिट्टी फुंकत आला आणि हुंगत थांबला. गर्दी जमली. त्या गर्दीपाशी एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून आंब्याची करंडी सावरत पद्मनाभ उतरले. स्टेशनावर अर्धा तास वाट पाहून ते स्वतःच निघाले होते.

"अय्यय्यो! कनका! हे काय झालं गं!"

"काही नाही, अण्णा," कनकाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या मेहुण्यांनी गाडीची सर्व्हिस केली."

सोमवारी हातगाडीवर दोरखंडाने बांधून मोटरसायकल शोरूमच्या वर्कशॉपात पोचली. कनकाबाई बरोबर आल्या. का, ते विचारायची सेतुमाधवरावांची छाती झाली नाही.

कृष्णस्वामी नावाच्या सुपरवायझरने खाली वाकून रिकाम्या भोकात बोट घातलं आणि ते बोट नाकाशी नेलं. त्याने एक फॉर्म पुढे केला. "काय झालं ते इथे लिहा, सार."

सेतुमाधवरावांनी पेन उघडलं. लिहिलं, 'मी काहीही केले नाही. गाडी आपोआप...'

पेन थांबलं. हेच ते वाक्य! याच वाक्याखाली त्यांनी अकरा वर्षं तांबड्या शाईने रेघ ओढली होती, शेजारच्या टेबलांवरच्या मित्रांना वाचून दाखवून हसले होते. त्यांचे कान तापले. त्यांनी ते वाक्य खोडलं आणि खरं लिहायला घेतलं. पाइप लिहिला, कट् लिहिलं, साबण लिहिला. पान पुरलं नाही तेव्हा पाठीमागे लिहिलं. खाली सुबक सही केली.

कृष्णस्वामी वाचू लागला. वाचता वाचता उभा राहिला. आतून दोघा मेकॅनिकांना बोलावून त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. दोघांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या!

"सार," कृष्णस्वामीने त्यांचा हात धरला, "बारा वर्षांच्या नोकरीत कस्टमरने खरं लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहतोय! कॉफी आणा रे सारना!"

सेतुमाधवरावांची मान वर झाली. त्यांनी कनकाबाईंकडे पाहिलं. त्याही चक्क हसत होत्या! कॉफी आली. कृष्णस्वामीने जड मनाने शिक्का उचलला आणि फॉर्मवर मारला. वॉरंटी रद्द.

"हे काय!" सेतुमाधवराव ताडकन उठले.

"माझा नाइलाज आहे, सार. या बोल्टाच्या आट्यांबद्दल कंपनीचंच पत्र आलंय गेल्या महिन्यात. यंदाच्या गाड्यांत आटे कच्चे निघाले आहेत. काही न विचारता इंजिन फुकट बदलून द्या, असा हुकूम आहे. तुम्ही नुसतं 'आपोआप' लिहिलं असतं तर मी डोळे मिटून सही केली असती. पण आता तुम्ही लिहूनच दिलंत! दोन्ही बाजूंनी!"

बसस्टॉपवर दोघं बराच वेळ उभी होती. दोन बसगाड्या गच्च भरून निघून गेल्या.

"रागावलीस?" शेवटी सेतुमाधवरावांनी विचारलं.

"खरं लिहिलंत, बरं केलंत," कनकाबाई म्हणाल्या. "पण साबण बायकोचा होता आणि तिला न विचारता घेतला, हे कंपनीला कशाला कळवायचं हो?"