उजवे इकडे, डावे तिकडे

लाल मिक्श्चरची बाटली. डोस दाखवणारी कागदाची कातरलेली पट्टी तिच्यावर उलटी चिकटलेली.

सातेरीदेवीच्या डाव्या खांद्यावरून घरंगळलेली कळी.

जानकीच्या अंगणात, काथ्याच्या दोरीवर वाळणारी एका साहेबाची पँट.

आणि देवळाच्या मंडपात, उसने धोतर सावरत, आनंदाने लाल झालेला तोच साहेब: सत्यवान.

जिल्ह्याच्या कचेरीने त्याला धाडले होते ते एकच ठरवायला. गरिबांसाठी काढलेल्या फुकट दवाखान्याचा या गावाला उपयोग होतो का? होत नसेल तर दवाखाना बंद. पण सत्यवानाला एक कोडे छळत होते. औषध घेऊन माणूस बरा झाला, तर तो औषधाने झाला की आपला आपणच, हे ओळखायचे कसे? शेजारी उभे करायला औषध न घेतलेले आजारीही हवेत. ते आणायचे कुठून?

आणि सकाळी गणपत गुरव सहज बोलून गेला, "हय देवीक विचारल्याशिवाय कोणय बाटली तोंडाक लावणा नाय. कळी उजवी पडली तर घेवचा, डावी पडली तर नाय."

सत्यवान उडालाच. मोठमोठ्यांना न जमलेली वाटणी इथे देवी बसल्याजागी करत होती!

शिमग्यात तापाने झोपलेल्या सगळ्यांना त्याने मंडपात बोलावले. "उजवा कौल मिळालेले इकडे, डावा मिळालेले तिकडे!"

माणसे बसली. उजवीकडची ठणठणीत. डावीकडचीही ठणठणीत, विड्या तर तिकडेच आधी पेटल्या. सत्यवानाचा चेहरा उतरला.

"डावेही सगळे बरे झाले?"

"व्हय तर!"

"म्हणजे औषधाने काहीच होत नाही. दवाखाना बंद करावा लागणार."

दम्याने जेरीला आलेली जानकी खांबाला धरून उठली. "बंद? आणि मालवणच्या डाक्टराकडे पोचासर माझो दम टिकतलो, सायबानू? रातचा एस.टी. नसता, बैलगाडयेत माझ्यावांगडा तुमी बसतलास?"

सत्यवानाने नजर वळवली. तापातून उठलेल्यांपैकीच एक, बाबली, बरोब्बर मधोमध बसला होता.

"तुम्ही मध्येच का?"

"माका दोनय इले. आदी डावो, मगे परत लावलंय तेवा उजवो."

"परत लावता येतो?"

"येता म्हणजे?" गणपत चिडलाच. "आयशीसारखी ती. पयल्यांदा नायच म्हणतली. समजावन सांगूचा लागता."

"मग हे डावीकडचे लोक?"

"त्येंनीय परत लावल्यानी. औषद सगळ्यांनीच घेतला."

"अहो, मग डावीकडे कशाला बसले?"

"डावो कोणाक पडलो, ता तुमी विचारलास," बाबली शांतपणे म्हणाला. "औषद घेतलास काय, ता खंय विचारलास?"

सगळ्यांनी घेतले, सगळे बरे झाले. शेजारी उभे करायला कोणीच उरले नाही. कोडे पुन्हा जिथल्या तिथे.

गणपतने कळी भिजवली आणि देवीच्या मस्तकावर चिकटवली. "तीकाच विचारुया. दवाखानो ठेवचो काय?"

जानकीसकट सगळ्यांनी श्वास रोखला. कळी हलली. घरंगळली.

डावी.

जानकी सत्यवानाकडे बघत राहिली. त्याने धोतर सावरले, घसा खाकरला आणि देवीपुढे हात जोडले.

"परत लावा," तो म्हणाला.

आदल्या संध्याकाळी एस.टी.तून उतरताच त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा औषध पाजण्याआधी जानकीने त्याच्या नकळत त्याच्याही नावाने कौल लावला होता, आणि तो आधी डावाच पडला होता.