सोफ्याचे हप्ते

"परवान्याची चौकशी म्हणजे आपल्या हातचा मळ," असं हॉलिस बीझलीने कामावर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. हंट्सव्हिलच्या लष्करी तळावर तो रडार दुरुस्त करायचा. दर काही वर्षांनी सरकार त्याचा गोपनीय कामाचा परवाना नव्याने तपासून बघे. हॉलिसला कसली भीती? दारू नाही, जुगार नाही, परदेशात मैत्रीण नाही. खरं तर देशातही नव्हती.

चौकशी अधिकारी मिसेस डुप्री घरी आल्या. त्याने त्यांना समुद्रावर नेतात तसल्या घडीच्या खुर्चीत बसवलं. बाई आत रुतल्या ते गुडघे हनुवटीला टेकेपर्यंत.

"सोफा नाही का हो घरात?"

"होता. बायको गेली तेव्हा घेऊन गेली."

"आणि हप्ते?"

"ते ठेवून गेली."

"तेच विचारायचंय. तुमच्या नावावर आहेत, तीन वर्षं थकलेत. पगार तर बरा आहे तुमचा."

हॉलिस बाईंसाठी केक कापत राहिला. अक्रोडासारख्या पिकॅनचा, स्वतः भाजलेला.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "कर्जबाजारी माणसाला शत्रू पैसे दाखवून फितवतो. आणि ऐपत असून बुडवणाऱ्यावर तर सरकार मुळीच विश्वास ठेवत नाही."

"मला फितवायला कुणी आलं नाही, बाई. तसं कुणीच येत नाही."

"बरं, तुम्हाला जवळून ओळखणारं कोणी? मला बोलावं लागेल त्यांच्याशी."

हॉलिसने बराच विचार केला. भाऊ दूर टल्सा शहरात, नाताळच्या कार्डापुरता. शेजारी घर विकून गेलेले.

"डार्लीन," तो शेवटी म्हणाला.

"कोण त्या?"

"वसुलीवाली. दर गुरुवारी फोन करते. आधी हप्त्याचं विचारते, मग जेवलात का विचारते. आईच्या ऑपरेशनचंही सांगितलं तिने मला."

मिसेस डुप्रींचा केक खायचा काटा हातातच राहिला. "म्हणून भरत नाही पैसे?"

"सुरुवातीला रागाने नाही भरले. नंतर... भरले तर ती कशाला फोन करेल?"

"मिस्टर बीझली," बाई हळूच म्हणाल्या, "तुमच्यासाठी शत्रूला एक डॉलरही खर्चावा लागणार नाही. नुसता फोन केला की झालं."

दुसऱ्याच दिवशी हॉलिसने सगळी बाकी भरून टाकली. पुढचा गुरुवार आला आणि मुकाट गेला. त्यानंतरचेही तसेच गेले. काही महिन्यांनी परवाना मिळाला. कामावर सगळ्यांनी पाठ थोपटली आणि पाच वाजता जो तो आपापल्या घरी गेला.

घरी येऊन हॉलिसने स्वतःच वसुलीच्या कचेरीला फोन लावला. नशिबाने तीच बोलली.

"डार्लीन, मी हॉलिस बीझली. मला परवाना मिळाला."

"अरे वा, अभिनंदन." मग ती घुटमळली. "पण काय आहे, आमचे फोन ऐकतात वरचे लोक. ज्यांच्याकडे बाकी नाही, त्यांच्याशी बोलायची परवानगी नाही आम्हाला."

"हो, बरोबर आहे," हॉलिस म्हणाला. तरी फोन काही त्याच्याने ठेववेना.

"डार्लीन, कमीत कमी किती बाकी लागते?"