आजोबांच्या नावाचा बाक

पणजोबांनी फुटबॉल क्लबच्या मैदानातले दगड वेचले, आजोबांनी त्याच मैदानावर गोल राखला, वडील आजही प्रत्येक सामन्याआधी त्यावर चुन्याच्या रेषा आखतात. आणि इतक्या पिढ्यांच्या सेवेचे फळ म्हणून चिरंजीव त्या रेषांच्या बाहेर, बाकावर बसून होते. क्लबचा राखीव गोलरक्षक हे त्यांचे पद. घरीदारी, भाजीवाल्याकडेसुद्धा त्याला 'राखीव' म्हणूनच ओळखत.

मुख्य गोलरक्षकाची प्रकृती हा या घराण्याच्या चिंतेचा विषय होता. त्या भल्या माणसाला कधी साधी शिंकही येत नसे. आजी कुणाचे वाईट चिंतणाऱ्यांतल्या नव्हत्या. परंतु तो रस्त्यात भेटला की त्याच्या गुडघ्यांची चौकशी त्या जरा जास्तच आस्थेने करीत. नातवाला त्यांनी एक उशी शिवून दिली होती, कारण बाक लाकडाचा होता आणि बसणे पूर्णवेळचे.

अशात पुलापलीकडच्या एका लहानशा संघाचा निरोप आला. त्यांच्याकडे गोलरक्षकच नव्हता. राखीव आला तर प्रत्येक सामना तोच खेळेल, असे त्यांनी कळवले. राखीवाचे जेवणावरून मन उडाले. जायचे तर होते. पण क्लबचा दंडक असा की, जाणाऱ्याने प्रशिक्षकांसमोर उभे राहून ते स्वतःच्या तोंडाने सांगायचे. आणि प्रशिक्षकांसमोर या घरातल्या कुणालाही तोंड उघडता येत नसे, कारण त्याआधीच प्रशिक्षक आभार मानू लागत.

त्याचे कारण जुने होते. तरुणपणी प्रशिक्षक आजोबांच्या मागे असेच बाकावर बसलेले होते. ऐन अंतिम सामन्याच्या सकाळी आजोबांचा पाय मुरगळला, प्रशिक्षक मैदानात उतरले आणि त्यांच्या आयुष्याचे सोने झाले. "दादांच्या त्या पायाचं देणं लागतो मी," असे ते येताजाता म्हणत. त्या देण्यापोटीच, संघात कितीही उलथापालथ झाली तरी दादांच्या नातवाची जागा त्यांनी हलू दिली नव्हती. जागा अर्थातच बाकावरची.

राखीव बिस्किटांचा डबा घेऊन गेला. "सर, मला तुमचे आभार मानायचेत, आणि..." एवढेच त्याला बोलता आले. प्रशिक्षकांनी त्याला छातीशी धरले. 'आणि'च्या पुढचे सारे त्यांच्या मिठीत गुदमरले. त्याच संध्याकाळी त्यांनी संघापुढे जाहीर केले की अशी निष्ठा हल्ली पाहायला मिळत नाही, आणि पुढच्या हंगामालाही राखीव हाच राहील.

मग वडील प्रशिक्षकांकडे गेले. वडील मुळातले भिडस्त. परतले ते मान खाली घालूनच.

"सांगितलंस का?" आजींनी विचारले.

"सांगणारच होतो, आई. पण ते म्हणाले, पोरगं उन्हात बसतं, बघवत नाही. नवा बाक बसवतायत. वर छप्पर, आणि पाठीवर बाबांचं नाव."

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, रंग मी देतो."

बाक आला. रंगही लागला. पाठीवर आजोबांचे नाव असे ठळक की पलीकडच्या फाटकातूनही वाचता यावे. आता आजोबांच्या नावाचा बाक सोडून जायचे कोणत्या तोंडाने? राखीवाने पुलापलीकडे नकार कळवण्याचे मनाशी ठरवले. "राहू दे आजी," तो म्हणाला, "छप्पर चांगलं आहे."

ते शब्द ऐकले आणि आजींनी चपला घातल्या.

प्रशिक्षक सामानाच्या खोलीत चेंडूंत हवा भरत होते. "या वहिनी, बाक पाहिलात?"

"पाहिला. बसा, भावजी. आज आधी मी बोलणार आहे."

प्रशिक्षक बसले. आजींनी बसा म्हटल्यावर माणसे बसत असत.

"त्या सकाळी ह्यांच्या पायाला पट्टी कुणी बांधली होती?"

"तुम्हीच. केवढा सुजला होता पाय."

"आत माझे लोकरीचे मोजे कोंबले होते. पाय ठणठणीत होता. ह्यांचं म्हणणं, पोराला आज खेळू दे, नाहीतर बसून बसून वाया जाईल. लंगडायचं कसं तेसुद्धा मीच शिकवलं. तरी दोनदा भलत्याच पायानं लंगडले."

प्रशिक्षकांच्या हातून पंप सुटला आणि चेंडूतली हवा फुसफुसत निघून गेली.

"म्हणजे दादांनी मुद्दाम..."

"स्वतः बाजूला झाले आणि जागा दिली. तुम्ही माझ्या नातवाला जागा दिलीत, पण धरूनच ठेवलंत. आता सोडा."

प्रशिक्षकांनी डोळे पुसले आणि राखीवाला सोडले, उशीसकट.

नव्या संघाचा पहिलाच सामना नेमका जुन्या क्लबशी, त्याच मैदानावर होता. राखीवाने नवी जर्सी घातली, हातमोजे चढवले, अंग मोकळे केले. सारे मैदानात निघाले आणि त्याचे पाय वर्षानुवर्षांच्या वळणाने छपराखाली गेले. आजोबांच्या नावाला पाठ टेकून, उशी नीट करून, तो स्वस्थ बसला.

नव्या कर्णधाराला वाटले, याचे मन बदलले. त्याने एका उंच बचावपटूला हातमोजे चढवायला घेतले. वडील चुन्याची बादली हलवून खुणा करीत होते. राखीवाला बिचाऱ्याला वाटले, ते शुभेच्छा देत आहेत. त्यानेही हात हलवला. आजी प्रेक्षकांत उभ्या राहिल्या, पण आयुष्यात प्रथमच त्यांचा आवाज बाकापर्यंत पोचेना.

प्रशिक्षक त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. त्यांनी फक्त गप्प राहायचे होते. समोर अनाडी गोलरक्षक आला की सामना त्यांच्या खिशात. त्यांनी एकवार पाठीवरचे नाव पाहिले. मग राखीवाचा दंड धरून त्याला उठवले, पंचांची परवानगी घेतली आणि त्याला थेट दोन खांबांच्या मध्ये नेऊन उभे केले.

"ही तुझी जागा," ते म्हणाले. "ती बाकावरची दादांनी माझ्यासाठी पत्करली होती."

परतताना त्यांनी आजींकडे पाहिले आणि चार पावले लंगडून दाखवली. दोन या पायाने, दोन त्या.

शेवटच्या क्षणी जुन्या क्लबचा फटका वरच्या कोपऱ्याकडे निघाला आणि राखीवाने झेप घेऊन तो बोटांच्या टोकांनी बाहेर काढला. त्या झेपेने प्रशिक्षकांच्या हातचा सामना गेला. ते मात्र राखीवाच्या, बाकावरच राहिलेल्या उशीवर बसून टाळ्या वाजवीत होते.

आजी प्रेक्षकांच्या पायऱ्या उतरून त्यांच्यापाशी आल्या.

"फिटलं, भावजी," त्या म्हणाल्या. "सगळं फिटलं. उशी तुम्हीच ठेवा."