लाल दोऱ्याची मोहीम

तलवारीने बुडालेली राज्ये बहुत. वायरीने बुडता बुडता तरलेले एकच, त्याची ही हकीकत, तिखटमीठ न लाविता लिहिली असे.

वर्तमान ऐसे जे, घरचे धनीसाहेब लिनक्सपंथाचे कट्टर सरदार. यांणी हट्टास पेटोन बाईसाहेबांच्या संगणकावरील जुनी राजवट पुसोन काढिली आणि लिनक्साचे निशाण रोविले. बाईसाहेब पेशाने चित्रकार. त्यांची चार वर्षे खपोन काढिलेली दोनशे बारा पाखरे तेवढी बाहेरच्या ड्राइव्हात उरली, आणि छापखान्याचा खलिता आला की आज बारापर्यंत चित्रे न पावल्यास पुस्तक पुढल्या साली.

सकाळी दहास ड्राइव्ह जोडिला. दिवा लागला, परंतु संगणक ओळख दाखवीना. मग धनीसाहेबांनी काळी खिडकी उघडोन तमाम डिस्कांची हजेरी घेतली, तो घरची एकच डिस्क हजर. मग सुडो म्हणोन जी सर्वाधिकाराची शाही मोहर, ती उठवोन तोच हुकूम पुन्हा सोडिला, आणि तीच डिस्क अधिक अदबीने हजर जाहली. मग यूएसबीचे तिन्ही दरवाजे ठोठाविले, आणि संगणक तीनदा निजवोन उठविला, आणि फोरमावरील जाणत्यांस अर्ज गेला, तेथोन सतरा जणांच्या अठरा मसलती आल्या.

साडेअकरा जाहले. बाईसाहेबांचे डोळे भरले. ते पाहोन धनीसाहेबांचे धाबे दणाणले, आणि फर्मान सुटले की अवघे लिनक्स नव्याने बसवावे.

इतक्यात धनीसाहेबांच्या मातुःश्री मटार सोलणे टाकोन आल्या.

"अरे, या वायरीचा लाल दोरा कुठे गेला?"

या घरचा दस्तूर ऐसा की प्रत्येक वायरीस मातुःश्रींच्या हातचा दोरा: ड्राइव्हास लाल, दाढीच्या यंत्रास हिरवा. धनीसाहेबांस हे गबाळे वाटोन त्यांणी कालच टेबल आवरिता अवघे दोरे कापिले होते.

"कापलेस? मग बघ, टोकाला साबण वाळलाय. ही तुझ्या दाढीच्या मशिनची वायर! डोकं चालवायचं सोडून कात्री कसली चालवतोस?"

ती वायर नुसती वीज नेणारी. दिवा लागे, खबर पोचेना. खरी वायर न्हाणीघरात सापडली. ती जोडिताच दोनशे बारा पाखरे पडद्यावर एकदम उतरली, आणि बाईसाहेब रडता रडता हसल्या, आणि धनीसाहेब खुर्चीवर चढोन नाचले, आणि मातुःश्रींनी दटावोन उतरविले. बारास तीन मिनिटे असता चित्रे छापखान्यास पावली.

फत्ते जाहली, मान मातुःश्रींचा. धनीसाहेबांस शासन ऐसे की घरच्या एकोणीस वायरींस दोरे त्यांणीच बांधावे. ते बांधोन एक लाल दोरा उरला, तो बाईसाहेबांनी स्वहस्ते धनीसाहेबांच्या चष्म्याच्या दांडीस बांधिला आणि हुकूम केला: "हे माझे आहेत. हा दोरा कुणी कापायचा नाही."

तो दोरा आजतागायत कायम असे.