रेडिओकाकांचं ज्येष्ठमध

रेडिओकाकांनी ज्येष्ठमध चघळायचं ठरवलं, त्यात कुणाचं काही बिघडणार नव्हतं. निदान काकांना तसं वाटलं. (काकांना जे जे वाटे, ते सहसा काकूंना निस्तरावं लागे.)

झालं असं, की ज्या रेडिओ केंद्रात काकांनी नोकरीभर निवेदन केलं, तिथला जुना स्टुडिओ पाडणार होते. त्याआधी जुन्या निवेदकांनी दिवसाची प्रसारणसभा संपवतानाचं निवेदन पुन्हा एकदा त्याच खोलीत म्हणावं आणि ते ध्वनिमुद्रित व्हावं, अशी टूम निघाली. काकांना केंद्रावरून तसा फोन आला. दारावरचा लाल दिवा, भिंतींवरच्या भोकाभोकांच्या फळ्या, जाड पडद्याचा धुळकट वास, सगळं जसंच्या तसं समोर आलं.

"पण या घोगऱ्या आवाजात बोलू?" ते खाकरत म्हणाले. "आमचे वरिष्ठ माइकपुढे बसायच्या आधी ज्येष्ठमधाची काडी आमच्या हातावर ठेवायचे. काय आवाज लागायचा, अगं!"

"मग चघळा एखादी," काकू सहज बोलून गेल्या.

एखादीवर थांबतील तर ते काका कसले! सकाळी काडी, दुपारी मधातून पूड, संध्याकाळी चहात पुन्हा काडी. वर 'संपूर्ण नैसर्गिक' असं लिहिलेली कॅप्सूलची बाटली आली. काकूंनी डोळे वटारले की काका म्हणत, "झाडाचं मूळ आहे. त्यानं कसला अपाय?"

आवाज होता तिथेच राहिला. पाय मात्र सुजले. ध्वनिमुद्रणासाठी पॉलिश करून ठेवलेले बूट चढेनात, डोकं ठणकू लागलं. शेवटी काका काकूंच्या सपाता घालून डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरीणबाईंनी प्रेशर मोजलं आणि खुर्ची पुढे ओढली. "काका, हे फार वाढलंय. नवीन काही औषध घेताय?"

"औषध? छे! औषधाला मी शिवत नाही."

काकूंनी पर्समधून बाटली, पुडीचा डबा आणि मूठभर काड्या काढून टेबलावर मांडल्या. "हे औषध नाही हो, डॉक्टर. हे त्यांचं जेवण."

"अहो, ज्येष्ठमध जास्त झालं की अंगात पाणी साठतं, प्रेशर चढतं, पोटॅशियम उतरतं. रक्त तपासून घ्या. आणि हे आजपासून बंद!"

"पण नुसतं मूळ आहे ते," काका पुटपुटले.

"मूळच आहे. तुमच्या दुखण्याचं!"

परतीच्या वाटेवर रस्ता ओलांडताना काकूंनी काकांचा दंड असा घट्ट धरला, की काकांना पहिल्यांदाच आपण घाबरलो असल्याचं कळलं.

ज्येष्ठमध कचऱ्यात गेलं, गोळ्या सुरू झाल्या, सूज उतरली. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी बूटही चढले. स्टुडिओत शिरताच काका खाकरले. कोटाच्या खिशात हात गेला, तर तिथे एक काडी! (एकीनं काय होतंय?) त्यांनी ती गालात सरकवली. तेवढ्यात लाल दिवा लागला. थुंकायची सोय उरली नाही. काका बोलले, मनापासून बोलले, आणि डोळे पुसत बाहेर आले.

प्रसारणाच्या संध्याकाळी दोघं रेडिओपाशी बसली. आणि काय तो आवाज! भरदार, गोल, खणखणीत. काकूंनी चष्मा काढून डोळे टिपले. या आवाजाशी त्यांची ओळख झाली होती, तेव्हा त्याला चेहरा नव्हता.

इतक्यात पॅसेजमध्ये फोन वाजला. ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाई होत्या. "काका, रागावू नका हं. तुमच्या प्रत्येक वाक्यामागे उंदीर लाकूड कुरतडतोय असं ऐकू येत होतं. म्हणून कपाटातली तुमची जुनी टेप लावली."

काका परत येऊन गुपचूप खुर्चीत बसले.

"कोण होतं?"

"केंद्रावरून. आवाज छान लागला म्हणाले."

"लागणारच," काकू चष्मा चढवत म्हणाल्या. "टेप लग्नाआधीची आहे."

काका उडालेच. "तुला कसं कळलं?"

"न कळायला काय झालं? लग्नानंतर इतकं ठासून बोललात का कधी?"