मराएवर एकोणतीसचा पाढा

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. घरात गोडबोल्यांचा विषय निघाला की मी चहा टाकायच्या निमित्ताने उठायचो. आता डॉक्टरांनी चहाही कमी केलाय, तेव्हा सांगूनच टाकतो.

मराएवर उभं राहून, डोळे मिटून एकोणतीसचा पाढा गाणारा सरकारी अधिकारी मी जन्मात एकच पाहिला. ते म्हणजे गोडबोले.

आम्ही दोघं पामर्स्टन नॉर्थला एका सरकारी ऑफिसात होतो. इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या कल्याणासाठी आणि संस्कृतीसाठी सरकार जो निधी देतं, तो त्याच कामाला लागतो ना, हे बघणं आमचं काम. त्यासाठी मराएवर जावं लागे. मराए म्हणजे त्यांची चावडी, सभामंडप आणि आजोळ, सगळं एका अंगणात. तिथे तुम्ही सरकार असलात तरी गेल्या गेल्या "कपाट उघडा" म्हणता येत नाही. आधी त्यांची एक बाई हाक घालून तुम्हाला आत घेते, मग भाषणं होतात, आणि पाहुण्याचं भाषण संपलं की पाहुण्याच्या बाजूने गाणं म्हणावंच लागतं.

गोडबोल्यांना ही पद्धत फार आवडे. "आधी पाहुणा, मग पाहणी," असं ते ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. अडचण एवढीच की त्यांना एकही गाणं येत नव्हतं. गणपतीच्या आरतीतसुद्धा ते नुसत्या टाळ्या वाजवायचे. पहिल्याच भेटीत त्यांचं भाषण संपलं. समोरची मंडळी वाट बघत राहिली. गोडबोल्यांनी मला कोपर मारलं आणि कीर्तनाच्या चालीवर सुरू केलं, "एकोणतीस एके एकोणतीऽऽस..."

मी काय करणार? मागे उभा राहून साथ दिली. "चोक सोळोदरसे"ला त्यांनी अशी तान घेतली की समोरच्या एका म्हाताऱ्याने डोळे पुसले.

"अहो, पाढा काय म्हणता?" परतताना गाडीत मी भडकलो.

"मग काय म्हणू, ऑफिसचं परिपत्रक? आणि केळकर, सत्त्याऐंशीला तुम्ही बेसूर झालात."

पाहणीची त्यांची तऱ्हाही न्यारी. मी फायली चाळत बसे आणि हे स्वयंपाकघरात ताटं पुसत. भाषावर्गाला निधी दिलेला असला की हे वर्गात पोरांमध्ये जाऊन बसत. पोरं त्यांच्या उच्चारांना हसली, चुका दाखवायला लागली, की अहवालात लिहीत: वर्ग चालू आहे, शिक्षण चांगले आहे.

जिथे जाऊ तिथे लोक गोडबोल्यांचीच चौकशी करत. मी 'तो दुसरा'. ते मला सलत होतं.

एकदा आमच्या मॅनेजरने, हेलनने मला विचारलं, "गोडबोले कसलं गाणं म्हणतात रे? लोक फार छान बोलतात."

मी म्हणालो, "गाणं कसलं? पाढे आहेत ते. त्या लोकांची चेष्टा करतो तो."

पाढे होते हे खरं. चेष्टा मी पदरची घातली.

हेलनने गाजावाजा केला नाही. गोडबोल्यांचे दौरे फक्त बंद झाले. त्यांनीही कारण विचारलं नाही. दुपारी कार पार्ककडे बघत एकटेच सँडविच खात बसायचे.

पुढच्या दौऱ्याला मी एकटा गेलो. तिथलं स्वयंपाकघर सांभाळणारी आँटी हेनी दारातच "किया ओरा" असा नमस्कार करून म्हणाली, "तुझा गाणारा कुठाय?"

मी चाचरत म्हणालो, "आँटी, ते खरं तर गाणं नव्हतं..."

"पाढा होता. ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी ताटं पुसता पुसता सांगितलं त्याने." ती हसली. मग हातातलं फडकं खाली ठेवून म्हणाली, "बायको आजारी होती ना त्याची, तिला झोप लागायची नाही. याला गाणं येईना, म्हणून उशाशी बसून पाढे म्हणायचा. एकोणतीस तिचा आवडता. आम्ही म्हटलं, मग ते गाणंच की."

गोडबोलेवहिनी गावातल्याच हॉस्पिटलात नर्स होत्या. त्या गेल्याचं मला माहीत होतं. शेजारच्या खुर्चीत बसून त्यापुढचं मी कधी विचारलं नव्हतं.

लाज वाटलीच, पण खरं सांगतो, जीव भांड्यात पडला. माझ्या बोलण्याने तिथे कुणाचं मन दुखावलं नव्हतं. परतलो तो थेट हेलनकडे गेलो. म्हटलं, चेष्टा नव्हती, मी चुकीचं सांगितलं होतं. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'हरकत नाही'. गोडबोल्यांचे दौरे पुन्हा सुरू झाले.

पहिल्याच दौऱ्याला गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "हेलन सांगत होती, तुम्ही माझ्यासाठी बोललात."

मी गाडी सुरू केली.

"ही गेल्यापासून माझ्यासाठी कोणी बोललं नव्हतं हो, केळकर."

"त्यात काय एवढं," मी म्हणालो.

त्यानंतर आम्ही पुष्कळ मराए पाहिले, दोघंही रिटायर झालो, आणि गेल्या हिवाळ्यात गोडबोले गेले. आज लिहिताना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय. गाडीत म्हणायचं वाक्य तेवढं राहिलं होतं.

गोडबोले, त्याच्या आधीही मीच बोललो होतो. माझं चुकलं.