तीन दिवस कागद दाबणारे कर्णिक

रविवार, २० एप्रिल १९८६. मी गच्चीवर वर्षाचे गहू वाळत घालत होते. कर्णिक वर आले आणि गव्हाकडे बघत म्हणाले, "वहिनी, वर आणायच्या आधी हे खाली कुणी तपासले होते का?"

कर्णिक आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. कुठलीही गोष्ट सरळ वरच्या माणसाकडे गेली की त्यांचं पित्त खवळतं. मी शाळेत शिक्षिका आणि सोसायटीची सेक्रेटरी. त्यांचा नळ गळला तर ते अर्ज लिहितात, त्यावर बायकोची शिफारस घेतात आणि मग माझ्याकडे देतात. "थ्रू प्रॉपर चॅनेल, वहिनी." लेकीने मनोरीच्या सहलीचं विचारलं तर म्हणाले, "आधी आईचा शेरा आण." आई स्वयंपाकघरातून ओरडली, "शेरा? लाटणं आणते!"

कांजूरमार्गच्या एका मोठ्या कारखान्यात ते सुपरवायझरच्या वर आणि मॅनेजरच्या खाली होते. खालून कागद यायचा, 'पाहिले' असं लिहून ते वर पाठवायचे. गेल्या वर्षी नव्या साहेबांनी ही मधली पायरीच काढली. नोकरी राहिली, पगार राहिला, टेबलही राहिलं. कागद तेवढे यायचे थांबले. मी तेव्हा तोंडावर म्हटलं होतं, "बरं झालं की! नुसतं 'पाहिले' लिहायला माणूस कशाला लागतो?" ते हसले होते.

आज मात्र गव्हाशेजारी उकिडवे बसले. "गावडे गेला, वहिनी."

"अरे देवा! कशाने?"

"जिवंत आहे हो. राजीनामा."

गावडे मशीनवरचा जुना माणूस. सुपरवायझरशी वाजलं की रागाने राजीनामा खरडायचा. कर्णिक तो ड्रॉवरमध्ये टाकून द्यायचे. तीन दिवसांनी गावडे मान खाली घालून यायचा, "सायबानू, माझो कागद गावतलो?" आणि तिथेच फाडून टाकायचा. परवा शुक्रवारी मात्र कागद सरळ मॅनेजरच्या टेबलावर गेला. दुपारपर्यंत मंजूर. काल गावडे कर्णिकांच्या घरी येऊन रडून गेला.

"मॅनेजरचं तरी काय चुकलं?" कर्णिक म्हणाले. "समोर आलेला कागद त्याने निकाली काढला. त्याला गावडे माहीतच नाही."

"मग जाऊन सांगा ना त्याला."

"मी? मला आता कोण विचारतं! बोलावल्याशिवाय केबिनमध्ये कसा जाऊ?"

"पायांनी!" मी म्हटलं.

ते बोटांनी गहू सारखे करत राहिले. मी विचारलं, "असे किती राजीनामे दाबलेत?"

"रेकॉर्डवर एकही नाही," ते म्हणाले. "कागद माझ्याकडून जायचे तोवर, सव्वीस वर्षांत, माझ्या खात्यातून कुणी राजीनामा दिलेलाच नाही." आणि चष्मा पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत उशिरा येण्याचा निरोप धाडला, रिक्षा बोलावली, कर्णिकांना घेऊन कांजूरमार्गला गेले आणि ते मॅनेजरच्या केबिनचा जिना चढून दिसेनासे होईपर्यंत फाटकात उभी राहिले.